कॉपीराइटचे निकाल: कायदा तोच, मग कोर्ट दर वेळी वेगळं का बोलतं?

टेबलफॅन

सायहबच्या (संशोधनाचे पेपर फुकट उतरवून देणारी साइट) धाग्यावर फार अवांतर व्हायला लागलं म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे तीनचार जणांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून लिहिली की ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सायहब ब्लॉक करायला सांगितलं कारण कायदाच तसा आहे, कोर्ट काय करणार बिचारं. मला हे अजिबात पटत नाही. कायदा १९५७ चाच आहे, मधूनमधून डागडुजी झालीय, पण त्याच कायद्यावर त्याच दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये जे लिहिलंय ते वाचलं तर वाटतं हे दोन वेगळ्या देशांतले निकाल आहेत.

२०१६ चं प्रकरण बहुतेकांना माहीत असेल, नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापक वाचायची यादी देणार, दुकानदार दहा पुस्तकांतले दहा धडे झेरॉक्स करून बाइंडिंग मारून पोरांना विकणार, पानामागे रुपयाच्या आतला दर. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दुकानावर आणि युनिव्हर्सिटीवर केस टाकली. पोरांची संघटना मध्ये पडली, खुद्द अमर्त्य सेन, ज्यांची पुस्तकं ऑक्सफर्ड छापतं, त्यांनी प्रकाशकांना पत्र लिहून जरा फेरविचार करा म्हटलं. सप्टेंबर २०१६ मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी केस फेटाळली.

निकालातला माझा आवडता भाग कलमांचा नाहीच. न्यायमूर्ती लिहितात की ते स्वतः कायदा शिकत होते तेव्हा झेरॉक्स महाग होती आणि वेळखाऊही, मग पोरं पाळीपाळीने लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवायची. हाताने केलेलं चालत होतं तर तेच काम मशीनने सोपं झालं म्हणून गुन्हा कसा ठरेल, असा त्यांचा सवाल. आणि पुढे, कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, तो समाजात ज्ञान वाढावं म्हणून दिलेला आहे.

आता सांगा, हे कलम ५२ मध्ये कुठे लिहिलंय? कलम ५२ मध्ये एवढंच आहे की शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढली तर तो भंग नाही. त्या "ओघा"त वर्गाबाहेरचं झेरॉक्सचं दुकान बसतं की नाही हे कलम सांगत नाही, ते न्यायाधीशाला ठरवावं लागतं, आणि ठरवताना त्याच्या डोळ्यापुढे कोण उभं आहे यावर सगळं फिरतं. एंडलॉंच्या डोळ्यापुढे लायब्ररीतला पोरगा होता. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यापुढे चोर असतो, कोणाच्या डोळ्यापुढे लुबाडलेला मालक. माझं म्हणणं इतकंच की डिजिटल कॉपीराइटमध्ये हे चित्र आधी ठरतं आणि कलमं नंतर येतात. चर्चा होऊ द्या.

कांदेपोहे

पहिला! (नेहमीप्रमाणे मी विरोधात.)

टेबलफॅन, तुमचं लिखाण छान असतं पण इथे तुम्ही सोयीचं तेवढं उचललंय. सायहबचा आदेश मूल्यांवर नाही हो, शब्द मोडण्यावर आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या जर्नल छापणाऱ्यांनी केस टाकली तेव्हा सायहबच्या बाईंनी, एल्बाक्यान, कोर्टाला हमी दिली होती की यांचे नवीन पेपर अपलोड करणार नाही. २०२१ मध्ये वाढदिवस साजरा केल्यासारखे वीसेक लाख पेपर टाकले, मग सायनेट नावाचं नवं दुकान उघडलं. कोर्टाला दिलेली हमी मोडली तर कुठलंही कोर्ट हेच करेल, डावं असो उजवं असो. यात न्यायाधीशाच्या मनात शिरायची गरज काय?

टेबलफॅन

हमीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, ते मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं. पण तुमच्याच बोलण्यातून पुढचा प्रश्न निघतो. चार साडेचार वर्षं ही केस चालली, मध्ये शास्त्रज्ञांच्या संघटना आल्या, त्यांनी सांगितलं की संशोधनासाठीचा वापर फेअर डीलिंगमध्ये (परवानगीशिवाय चालणारा वाजवी वापर) बसतो, कलम ५२ मध्येच आहे, यावर आधी सुनावणी घ्या. तो मूळ प्रश्न अजून तसाच लटकलाय आणि साइट मात्र देशभर बंद. कुठला प्रश्न आधी घ्यायचा आणि कुठला थांबू शकतो, हे ठरवणंही मूल्यच आहे की.

आणि एक मजा बघा. एप्रिल २०१९ मध्ये याच कोर्टात न्या. मनमोहन यांनी (माजी पंतप्रधान नव्हेत, आत्ता सुप्रीम कोर्टात आहेत ते) टॉरेंट साइट्सवर (फुकट सिनेमे वाटणाऱ्या) मोठा निकाल दिला, ज्यातून ते "डायनॅमिक" मनाईहुकूम आले, म्हणजे एक साइट बंद केली की तिच्या नव्या मिरर साइट्ससाठी (तीच साइट, पत्ता नवा) परत केस नको, रजिस्ट्रारकडे अर्ज केला की झालं. त्यात त्यांचा युक्तिवाद होता की खऱ्या जगातला चोर आणि इंटरनेटवरचा चोर यांना वेगळं का वागवायचं. एंडलॉंचंही तेच आहे ना! हाताने केलं ते आणि मशीनने केलं ते यात फरक कशाला. दोघांचा तर्क एकच, जुन्या जगात जे होतं तेच नव्या जगात. एकाने त्यातून मोकळीक काढली, दुसऱ्याने कुलूप. तर्क सारखा असून निकाल उलटे येत असतील तर मधला फरक कुठून आला सांगा.

चकलीचा_काटा

वाचतेय. टेबलफॅन वि. कांदेपोहे म्हणजे धागा शंभरी गाठणार.

छापखानावाली

मी गप्प बसणार होते पण राहवत नाही. माझं छोटं प्रकाशन आहे, पुण्यात, नाव सांगत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती आता हजाराची काढतानाही हात थरथरतो, पाचशेच्या पण निघतात. पुस्तक आलं की महिन्याभरात पीडीएफ व्हॉट्सॅपवर. आणि ती फॉरवर्ड कोण करतं? हेच, इथे रामेश्वरीला टाळ्या वाजवणारे सुसंस्कृत वाचक, "दुर्मिळ पुस्तक, नक्की वाचा" म्हणून. अहो दुर्मिळ कुठलं, मार्चमध्ये आलंय, दुकानात आहे, अडीचशे रुपये किंमत.

न्यायाधीशाच्या डोळ्यापुढे गरीब विद्यार्थी असला की सगळ्यांना गहिवरून येतं. माझ्यासारखी त्यांच्या डोळ्यापुढे कधी येतच नाही, कारण मी कोर्टात जातच नाही. दिल्ली हायकोर्टात वकील लावायला माझ्या चार पुस्तकांचा नफा लागेल. कोर्टात दिसतात ते ऑक्सफर्ड, केंब्रिज, एल्सेव्हिअर, मोठ्या फिल्म कंपन्या. म्हणजे मालक म्हटलं की श्रीमंत आणि वापरणारा म्हटलं की गरीब, हे चित्र तिथेच पक्कं होतं.

टेबलफॅन

छापखानावाली, हा प्रतिसाद माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा भारी आहे. कोण कोर्टापर्यंत पोचू शकतं यावरच चित्र ठरतं, हे माझ्या डोक्यात नव्हतं.

उत्तरेचा_वारा

स्वीडनमधून. चित्र कसं पक्कं होतं याचा आमच्याकडचा किस्सा. पायरेट बे या टॉरेंट साइटचा खटला, स्टॉकहोमचं जिल्हा कोर्ट, एप्रिल २००९. चौघांना एकेक वर्ष कैद आणि ३ कोटी क्रोनर भरपाई. निकालानंतर आठवड्याभरात स्वीडिश रेडिओने बातमी दिली की न्यायाधीश टोमास नोर्स्ट्रोम हे कॉपीराइट असोसिएशनचे सभासद आहेत, आणि फिर्यादींचे वकीलही त्याच संघटनेत. आरोपींनी बोंब मारली की न्यायाधीश पक्षपाती, खटला परत चालवा. वरच्या कोर्टाने तपासून सांगितलं, पक्षपात नाही.

मला स्वतःला वाटतं तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं, कॉपीराइटचे खटले चालवणारा न्यायाधीश कॉपीराइटच्या परिसंवादांना जाणारच, शिकणार कुठे नाहीतर. पण तिथे त्याला भेटतात कोण? हक्कदारांचे वकील, प्राध्यापक, रेकॉर्ड कंपन्यांची माणसं. टॉरेंट उतरवणारी सतरा वर्षांची पोरं तिथे चहा प्यायला येत नाहीत. लाच नको, दबाव नको, नुसती रोजची ऊठबस पुरते.

त्याचा राजकीय परिणाम काय झाला ते बघा. निकालानंतर पायरेट पार्टीचे (कॉपीराइट सैल करा म्हणणारा पक्ष) सभासद धडाधड वाढले आणि जूनमध्ये युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांना ७.१ टक्के मतं पडली, एक जागा मिळाली. अपिलात २०१० मध्ये शिक्षा कमी झाल्या पण भरपाई वाढून ४.६ कोटी क्रोनर झाली. म्हणजे जनतेने जे म्हणायचं ते मतपेटीत म्हटलं, कोर्टावर ढिम्म परिणाम नाही.

कांदेपोहे

मग झालंच की माझं म्हणणं सिद्ध, लोकांची मूल्यं एकीकडे, कोर्ट आपलं काम करतंय.

उत्तरेचा_वारा

@कांदेपोहे लोकांची मूल्यं एकीकडे आणि *त्या वर्तुळातली* मूल्यं कोर्टात, असं वाचा ते.

बे_एरिया_काकू

जाता जाता, अमेरिकेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. इथे सगळ्यांना सवय आहे डावे न्यायमूर्ती, उजवे न्यायमूर्ती, कोणी नेमले त्यावरून निकाल आधीच सांगायची. कॉपीराइटमध्ये ते गणित फसतं आणि म्हणूनच मला हा विषय आवडतो.

२००३ चं एल्ड्रेड प्रकरण घ्या. काँग्रेसने १९९८ मध्ये कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवली, लोक म्हणाले मिकी माउससाठी वाढवली. सुप्रीम कोर्टात ७ विरुद्ध २ ने वाढ कायम. बहुमताचा निकाल कोणी लिहिला? रूथ बेडर गिन्सबर्ग, उदारमतवाद्यांचं दैवत. विरोधात कोण? स्टीव्हन्स आणि ब्रायर, तेही उदारमतवादीच. २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल, अँड्रॉइडमध्ये जावाच्या साडेअकरा हजार ओळी घेतल्या त्याचं भांडण, ६ विरुद्ध २ ने गूगल जिंकलं, निकाल ब्रायरांचा, विरोधात थॉमस आणि अलिटो. इथे वाटतं हां, उजवे मालमत्तेच्या बाजूला. पण २०२० मध्ये जॉर्जिया राज्याच्या कायद्याच्या टिपांवर कॉपीराइट लागतो का, या भांडणात ५ विरुद्ध ४, आणि त्यात रॉबर्ट्स, गोर्सच, कॅव्हनॉ हे उजवे सोटोमायोर आणि केगन या डाव्यांबरोबर "लागत नाही" म्हणाले, आणि गिन्सबर्ग, ब्रायर, थॉमस, अलिटो विरोधात! ही चौकडी कुठल्या राजकीय नकाशावर बसवाल?

२००९ मध्ये कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यूमध्ये एक अभ्यास आला होता, सुप्रीम कोर्टाच्या पन्नासेक वर्षांच्या बौद्धिक संपदेच्या खटल्यांचा. त्यांना दिसलं की जितका न्यायमूर्ती कॉन्झर्व्हेटिव्ह तितका तो हक्कदाराच्या बाजूने मत द्यायची शक्यता जास्त, पण सगळं काही त्याने उलगडत नाही. मला वाटतं ब्रायर किंवा गिन्सबर्ग यांच्या बाबतीत पक्षापेक्षा आयुष्य बघावं. ब्रायर यांनी १९७० मध्ये हार्वर्डमध्ये तरुण प्राध्यापक असतानाच कॉपीराइट खरंच एवढा हवा का अशी शंका घेणारा मोठा लेख लिहिला होता, आणि पन्नास वर्षांनी गूगलचा निकाल लिहिताना तोच माणूस बसलाय. गिन्सबर्ग यांची मुलगी कोलंबियात कॉपीराइटची नामांकित प्राध्यापक, लेखकाच्या हक्कांच्या बाजूची. आई मुलीचं ऐकून निकाल देत होती असं मी म्हणत नाहीये, पण घरात जेवताना लेखकाची बाजू ऐकू येत असणारच.

चकलीचा_काटा

काकू, म्हणजे डाव्या-उजव्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर कोण बसतं ते बघायचं. स्वीडनमध्ये परिसंवादाचा चहा, अमेरिकेत जेवण. आपल्याकडे काय, एंडलॉंची लायब्ररी.

बे_एरिया_काकू

हो गं. आणि हे किती थोडक्यात हुकतं त्याचं उदाहरण म्हणजे बीटामॅक्स. सोनीचा व्हीसीआर, टीव्हीवरचा कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून नंतर बघणं बेकायदा का. १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ ने सोनी जिंकली. पुढे न्या. मार्शल यांचे कागद खुले झाले तेव्हा कळलं की सुरुवातीला बहुमत उलट्या बाजूला होतं, निकाल ब्लॅकमन लिहीत होते, मग केस परत ऐकली गेली आणि मधल्या काळात मतं फिरली. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर व्हीसीआर आणि त्यामागून आलेलं किती काय अडलं असतं. कायद्यातलं एक अक्षर बदललेलं नव्हतं.

कांदेपोहे

काकू, तुमचा मुद्दा मान्य करतो (लिहून ठेवा, क्वचित होतं). पण अमेरिकेत फेअर यूज (त्यांची वाजवी वापराची सूट) उघडाच आहे, चार निकष आणि बाकी तुम्ही बघा. तिथे न्यायाधीशाला रान मोकळं. आपलं कलम ५२ म्हणजे लांबलचक यादी, यात बसतंय की नाही एवढंच बघायचं. आपल्याकडे मूल्यांना जागा कमी.

सारेगमपधनी

@कांदेपोहे जागा कमी नाही, फक्त ती वेगळ्या ठिकाणी आहे. मी रेडिओत काम केलंय, कलम ३१डी सांगतो.

२०१२ ची दुरुस्ती आठवते का? जावेद अख्तर राज्यसभेत नेमलेले खासदार होते आणि त्यांनी गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी जे भाषण केलं त्याने सभागृह हललं होतं, दोन्ही सभागृहांत ते बिल मंजूर झालं. ती दुरुस्ती म्हणजे शुद्ध राजकीय मूल्य, निर्मात्याच्या तावडीतून लेखकाला सोडवा. त्याच दुरुस्तीत ३१डी आलं, म्हणजे रेडिओ-टीव्हीवाल्याने ठरलेला दर भरला की गाणं वाजवायला मालकाची परवानगी नको. मग प्रश्न आला की हे विंक (एअरटेलचं), गाना वगैरे गाणी ऐकायच्या ॲपना लागू का? २०१६ मध्ये सरकारच्याच खात्याने पत्रक काढून सांगितलं की इंटरनेटवरचं प्रसारणही यात येतं. टिप्स ही गाण्यांची कंपनी विंकविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेली. एप्रिल २०१९ मध्ये न्या. काथावाला म्हणाले नाही, ३१डी फक्त रेडिओ आणि टीव्हीला, सरकारचं पत्रक कोर्टावर बंधनकारक नाही. आणि का? तर हे कलम मालकाचा हक्क काढून घेणारं आहे, म्हणून त्याचा अर्थ घट्ट आवळूनच लावायचा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये डिव्हिजन बेंचने (दोन न्यायमूर्तींचं वरचं बेंच) तेच कायम ठेवलं.

आता टेबलफॅनच्या पहिल्या पोस्टशी जुळवा. दिल्लीत २०१६ मध्ये अपवाद म्हणजे समाजाचा हक्क, म्हणून सैल वाचा. मुंबईत २०१९ मध्ये अपवाद म्हणजे मालमत्तेवर घाला, म्हणून घट्ट वाचा. यादी असली तरी ती यादी सैल वाचायची की घट्ट हे कुठल्या यादीत लिहिलंय?

आणि खरं सांगायचं तर मला विंकचा निकाल योग्य वाटतो. तिथे समोर झेरॉक्सवाला नव्हता, एअरटेल होती.

मुळामुठा

+१. आणि मुंबई हायकोर्ट म्हणजे मालकांचंच असंही नाही हां. २०१६ मध्ये ढिशूम सिनेमाच्या वेळी निर्मात्यांनी नेहमीप्रमाणे रिलीजआधी शेकडो वेबसाइट बंद करा म्हणून अर्ज केला तेव्हा न्या. गौतम पटेल यांनी आधी नाहीच म्हटलं, एकेक लिंक तपासून प्रतिज्ञापत्र आणा, अख्खी साइट बंद करून मिळणार नाही. आणि ब्लॉक झालेल्या पानावर नुसतं "बंद" नको, का बंद, कुठल्या केसमध्ये, तक्रार असेल तर कुठे जायचं हे लिहा. त्या वेळी त्या पानावर पायरेटेड सिनेमा नुसता बघणं पण गुन्हा आहे असं लिहून यायचं, लोक घाबरले होते, आमच्या ऑफिसात दोघांनी लॅपटॉप फॉरमॅट मारला (हलके घ्या). पटेल साहेबांनी ते दुरुस्त करायला लावलं, बघणं हा गुन्हा नाही, वाटणं-विकणं-दाखवणं हा आहे.

तीन वर्षांनी टेबलफॅन म्हणतात त्या दिल्लीच्या निकालात सरकारला उलटी सूचना आहे, की बघणाऱ्यांना आधी ताकीद आणि ऐकलं नाही तर दंड, असं काही धोरण करता येईल का बघा. एका न्यायाधीशाला सामान्य प्रेक्षकाच्या हक्काची काळजी, दुसऱ्याला सिनेमा उद्योगाच्या बुडणाऱ्या पैशाची. दोन्ही काळज्या खऱ्या.

टेबलफॅन

मुळामुठा, याच्याशी जोडून एक. डिसेंबर २०१६ हा दिल्ली हायकोर्टाचा गमतीचा महिना होता. ९ तारखेला न्या. नंदराजोग आणि न्या. योगेश खन्ना यांनी रामेश्वरीचं अपील ऐकून एंडलॉंचा गाभा राखला, पण इतकी मोकळीक नाही म्हणाले, शिकवण्याच्या कामाला लागेल तेवढंच, आणि ते तपासायला केस परत खाली पाठवली. (हेच नंदराजोग पुढे आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.) प्रकाशकांनी मार्च २०१७ मध्ये केसच मागे घेतली. आणि त्याच डिसेंबर २०१६ मध्ये, २३ तारखेला, दुसऱ्या बेंचवर न्या. रवींद्र भट यांनी मायस्पेस या सोशल साइटच्या बाजूने निकाल दिला, की लोकांनी टाकलेल्या गाण्यांसाठी प्लॅटफॉर्मला आपोआप जबाबदार धरलं तर कंपन्या घाबरून दिसेल ते काढायला लागतील आणि ती खासगी सेन्सॉरशिप होईल. २०११ मध्ये याच केसमध्ये खालच्या बेंचने टी-सीरिजच्या बाजूने दिलं होतं. मधल्या पाच वर्षांत देशात काय बदललं होतं? श्रेया सिंघलचा निकाल आला होता २०१५ मध्ये, ऑनलाइन लिखाणासाठी अटक करू देणारं कलम ६६ए गेलं होतं, अभिव्यक्तीची हवा होती. कॉपीराइटचा निकाल कॉपीराइटच्या पुस्तकातून येत नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

तालुका_कॉलेज

नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी तालुक्याच्या गावी विनाअनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तुम्ही सगळे निकाल उलगडताय, मी खालचं चित्र सांगतो.

सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शनला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स. चांगली योजना आहे, खरंच, आयआयटीपासून सरकारी कॉलेजपर्यंत सगळ्यांना एकदम मिळालं. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी, आमचं कॉलेज त्यात नाही. म्हणजे एकाच तालुक्यातल्या सरकारी कॉलेजच्या पोराला पेपर फुकट, माझ्या पोराला एका पेपरला तीस-चाळीस डॉलर. आणि आता सायहबही बंद. मला सांगा माझा विद्यार्थी कुणाच्या डोळ्यापुढे आहे? लेखकाला ईमेल टाकून पेपर मागतो आम्ही, निम्मे लोक पाठवतात, प्रेमाने पाठवतात. पेपर लिहिणाऱ्याला त्यातला एक पैसाही मिळत नाही हे छापखानावाली ताईंनी लक्षात घ्यावं, त्यांच्या लेखकाची आणि एल्सेव्हिअरच्या लेखकाची गोष्ट एक नाही.

छापखानावाली

सर, तेच तर. मी एल्सेव्हिअरच्या बाजूने नाहीच आहे. मला राग या गोष्टीचा आहे की कायदा दोघांना एकच मानतो, आणि कोर्टात फरक करायचा तर तो न्यायाधीशाच्या समजुतीवर. आणि लेखकाच्या बाजूची सहानुभूती पण कशी चालते बघा. आपल्याकडे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची होती, ती ६० कशी झाली? रवींद्रनाथ १९४१ ला गेले, १९९१ संपता संपता त्यांचे हक्क सुटणार होते, विश्वभारतीचं काय होईल म्हणून सरकारने घाईघाईने मुदत दहा वर्षांनी वाढवली. एका कवीसाठी सगळ्या देशाची मुदत! त्याचा फटका मराठीला असा बसला की कितीतरी विसरलेल्या लेखकांची पुस्तकं आणखी दहा वर्षं अडकली, ज्यांचे वारसही सापडत नाहीत. मला छापायची असतात, परवानगी मागू कुणाकडे? काकूंचा मिकी माउस आणि आपले गुरुदेव, गोष्ट एकच.

बे_एरिया_काकू

अगदी! आणि अशा अडकलेल्या पुस्तकांचं काय होतं तर ती लायब्ररीच्या कपाटात किंवा स्कॅनमध्ये. इथे इंटरनेट आर्काइव्हने हेच केलं होतं, कपाटात एक प्रत असेल तर एका वेळी एकालाच डिजिटल प्रत वाचायला द्यायची. कोविडमध्ये मार्च २०२० ला ती एकाची अट काही काळ काढली आणि चार मोठ्या प्रकाशकांनी केस टाकली, १२७ पुस्तकांवर. २०२३ मध्ये हरले, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरले, आणि पाच लाखांवर पुस्तकं वाचकांसाठी बंद करावी लागली. अपिलाचा निकाल मी वाचला, कोर्ट मान्य करतं की लायब्ररीने लोकांचं भलं होतं, पण लगेच म्हणतं की लेखकाला मोबदला नाही मिळाला तर नवीन पुस्तकं कोण लिहील. त्या १२७ पुस्तकांचं ठीक आहे, ती बाजारात होती. पण ज्यांचा प्रकाशकच उरला नाही अशा पुस्तकाचा तिथे कोणी वकील नव्हता.

उत्तरेचा_वारा

आपल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची साइटही कॉपीराइटच्याच कारणाने बंद झाली होती ना? त्यातले किती मराठी स्कॅन मी आर्काइव्हवरून वाचलेत.

मुळामुठा

हो. सरकारी पैशाने केलेलं स्कॅनिंग, सरकारी साइटवरून गायब आणि अमेरिकन संस्थेच्या सर्व्हरवर जिवंत.

कांदेपोहे

बरं, मग पुढचं भाकीत करा. एएनआय (वृत्तसंस्था) विरुद्ध ओपनएआय (चॅटजीपीटीवाली कंपनी), नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली हायकोर्टातच आहे. बातम्या वापरून एआयचं मॉडेल शिकवलं, हा भंग का. प्रकाशकांची संघटना आली, संगीत कंपन्या आल्या, बातमीदार कंपन्या आल्या, सगळे हक्कदार एका बाजूला. कोर्टाने मदतीला नेमलेल्या दोन तज्ज्ञांचंच एकमत नाही. टेबलफॅनच्या थिअरीप्रमाणे न्यायाधीशाच्या डोळ्यापुढे कोण?

टेबलफॅन

चांगला पेच टाकलात. रामेश्वरीचा तर्क शब्दशः लावला तर मशीनने वाचलं म्हणजे माणसाने वाचल्यासारखंच, मग सूट मिळायला हवी, आणि ओपनएआयसारखे हेच म्हणणार, आम्ही फक्त शिकतोय. पण लायब्ररीत बसलेल्या पोराच्या जागी अब्जावधी डॉलरची परदेशी कंपनी बसवली की तोच तर्क कोणाच्या घशाखाली उतरत नाही. इथे "देशी बातमीदार विरुद्ध परदेशी कंपनी" हे चित्र जास्त जोरात आहे असं मला वाटतं, आणि सरकारची हवाही तिकडेच दिसते. डिसेंबर २०२५ मध्ये उद्योग खात्याच्या समितीने जो कागद काढला त्यात सुचवलंय की एआयवाल्यांना परवानगी सक्तीची द्यायची, नाही म्हणता येणार नाही, पण पैसे मात्र भरायला लावायचे. म्हणजे ३१डीचंच मोठं भावंड. गंमत अशी की ३१डीला मुंबई हायकोर्ट मालमत्तेवरचा घाला म्हणालं होतं.

सारेगमपधनी

आणि त्या पैशातले गीतकाराला किती पोचतील यावर मी बोलत नाही, दुपारी जेवण झालंय.

तालुका_कॉलेज

एक व्यवहारी शंका. मी पोरांसाठी पाचसहा पुस्तकांतले धडे स्कॅन करून गूगल क्लासरूमवर टाकतो, फक्त माझ्या वर्गाला. हे रामेश्वरीत बसतं का?

टेबलफॅन

मी वकील म्हणून सल्ला देत नाहीये, पण डिव्हिजन बेंचचा निकष धरला तर शिकवण्याला लागतात तेवढेच धडे, तुमच्या वर्गापुरते, त्यावर नफा नाही, हे बरंच सुरक्षित वाटतं. अख्खं पुस्तक टाकू नका. लिंक उघडी ठेवू नका, वर्गाबाहेर फिरली की तुम्ही शिक्षक राहत नाही, वाटप करणारे होता. आणि तो निकाल दिल्लीचा आहे, मुंबई हायकोर्टावर बंधनकारक नाही, फक्त वजनदार आहे.

छापखानावाली

सर, त्या पाचसहात मराठी पुस्तकं असतील तर प्रकाशकाला एक फोन करा, निम्म्याहून जास्त जण हो म्हणतील. माझं कुठलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, धड्यांची पीडीएफ मीच पाठवते, तिरक्या स्कॅनपेक्षा बरी असेल.

तालुका_कॉलेज

व्यनि केला आहे ताई. दोन तुमचीच निघाली.

कांदेपोहे

हे बघा, कोर्टाशिवाय मिटलं. पण टेबलफॅन, सायहबवर माझं मत तेच आहे, हमी मोडली.